हरवलेल्या पाळीव पक्ष्याचा शोध कसा घ्यावा

उघड्या दारातून किंवा खिडकीतून बाहेर गेलेला पाळीव पक्षी घर सोडण्याच्या इच्छेने गेलेला असतो, असे क्वचितच घडते. एखाद्या आवाजाने किंवा सावलीने दचकून तो उडतो आणि घाबरलेला पक्षी सहसा वरच्या दिशेने जातो. वर चढणे त्याला उपजत जमते. परंतु उंच फांदीवरून तीव्र उतारावर खाली येणे हे सरावाने साधणारे कौशल्य आहे आणि खोलीत वाढलेल्या पक्ष्याला त्या सरावाची संधी कधी मिळालेलीच नसते. त्यामुळे झाडाच्या शेंड्यावर बसून ओळखीच्या हाकेला उत्तर देणारा, तरीही तासन्‌तास खाली न येणारा पोपट हट्टी आहे असे मानू नये. त्याला यायचे असते, पण कसे उतरावे हे उमगत नसते. शोधाची सारी आखणी ही गोष्ट ध्यानात ठेवूनच करावी.

पक्षी उडताना दिसला असेल, तर त्याच्यावरची नजर हलू देऊ नये. पिंजरा किंवा दाणे आणायला स्वतः घरात धावण्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे आणि आपण तो कोणत्या दिशेने, साधारण किती उंचीवरून गेला आणि शेवटचा कोठे दिसला हे लक्षात ठेवावे. त्याच्या मागे आरडाओरडा करत पळाल्याने तो आणखी दूर जातो. तो दिसत असेपर्यंत नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारत राहावे, म्हणजे थकून बसल्यावर आपण कोणत्या बाजूला आहोत याचा त्याला अंदाज येतो.

तो बाहेर जाताना कोणीच पाहिले नसेल, तर आधी घर नीट तपासावे. पडद्यांचे दांडे, कपाटांचे माथे, फ्रिजची आणि सोफ्याची मागची बाजू, पुस्तकांमागची फट, उघडे ड्रॉवर, धुण्याच्या कपड्यांचा ढीग या जागी लहान पक्षी निपचित बसून राहतो आणि हाकेला ओ देत नाही. पाण्याच्या बादल्या आणि शौचालयाचे भांडे सर्वांत आधी पाहावे, कारण तेथे पडलेल्या पक्ष्याला वाचवण्यासाठी फार थोडा वेळ हाती असतो.

शोधाची कक्षा पक्ष्याच्या जातीवरून ठरवावी लागते. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव यांसारखे जड अंगाचे पोपट बहुधा घराजवळच्या एखाद्या उंच झाडावर थांबतात आणि पहिले एक-दोन दिवस त्याच परिसरात राहतात. कॉकाटिएल हा डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट मात्र वेगाने आणि लांबवर उडणारा पक्षी आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, अन्नपाण्याच्या शोधात मोठी अंतरे कापणारा असल्याने एका दमात काही किलोमीटर जाऊ शकतो. बजी आणि लव्हबर्ड हे लहान पोपट कधी कधी चिमण्यांच्या थव्यात मिसळतात, म्हणून दाणे टिपणारा प्रत्येक थवा थांबून निरखावा. वारा जोराचा असेल तर दमलेला पक्षी वाऱ्याबरोबरच वाहवत जातो, तेव्हा त्या दिशेला अधिक माणसे पाठवावीत. पंख कापलेले आहेत म्हणून तो दूर जाणार नाही, या समजुतीवर विसंबू नये. कापलेल्या पंखांचा पक्षीही वाऱ्याच्या झोतावर बराच लांब जाऊ शकतो.

हा शोध डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक घ्यावा लागतो. हिरव्या पानांत बसलेला हिरवा पोपट दहा पावलांवरूनही दिसत नाही, पण पोपटवर्गीय पक्षी थव्यात राहणारे असल्याने साथीदाराची हाक ऐकताच उत्तर देण्याची ओढ त्यांना असते. हाक मारावी किंवा ओळखीची शीळ घालावी, मग किमान एक-दोन मिनिटे पूर्ण शांत राहून ऐकावे. सतत हाका मारत चालणाऱ्याला उत्तर ऐकूच येत नाही. घरात त्याचा जोडीदार पक्षी असेल, तर त्याचा पिंजरा, दार पक्के बंद असल्याची खात्री करून, बाहेर ठेवावा. त्याच्या आवाजाची सर माणसाच्या हाकेला येत नाही. जोडीदार नसेल तर फोनमध्ये आधी टिपलेला त्याच्याच आवाजाचा व्हिडिओ अधूनमधून वाजवावा. झाडाखाली उभे राहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर आकृती शोधावी, आणि कावळे किंवा इतर पक्षी एखाद्या फांदीभोवती गलका करत असतील तर तेथे अवश्य जावे. अनोळखी पक्ष्याला ते असेच हुसकावतात.

पक्षी उंचावर सापडला की खरी कसोटी सुरू होते. अगदी त्याच्या खाली उभे राहून वर हात करणे ही सर्वांत सहज घडणारी आणि सर्वांत निरुपयोगी गोष्ट आहे, कारण उभ्या रेषेत खाली येणे त्याला जमतच नाही. झाडापासून बऱ्यापैकी दूर, त्याच्या तोंडासमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहावे, म्हणजे त्याला सौम्य उताराने उडत येता येईल. जवळ गच्ची, बाल्कनी किंवा जिना असेल तर त्याच्या उंचीच्या जवळपास जाऊन तेथून बोलवावे. मध्ये बुटकी झाडे असतील तर तो एकेक टप्पा घेत उतरतो, आणि अशा वेळी घाई न करणे हेच मोठे काम असते. रोजच्या ओळखीचे कपडे घालावेत, टोपी आणि काळा चष्मा काढावा, त्याची वाटी हातात धरून वाजवावी आणि त्याचा आवडता खाऊ त्याच्या देखत स्वतः खावा. थव्यातला कोणी खात असलेला पाहून त्याची भूक जागी होते. पाहुण्यांची, शेजाऱ्यांची गर्दी दूर ठेवावी. त्याने पंख किंचित सैल केले, अंग पुढे झुकवले आणि फांदीवर पाय बदलू लागला तर तो उडण्याच्या तयारीत आहे, हे ओळखून स्थिर राहावे.

झाडावर चढणे, लांब काठीने फांदी हलवणे, अनोळखी जाळे घेऊन झेप घालणे हे सगळे टाळावे. त्याच्यावर पाण्याचा फवारा मारून पंख भिजवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो मला पटत नाही. नेम चुकला तर पक्षी उडून जातो, आणि नेम लागूनही हाती आला नाही तर ओल्या, गारठलेल्या अवस्थेत शिकारी पक्ष्यांपुढे उघडा पडतो.

अंधार पडू लागला की पाळीव पक्षी बसलेल्या जागी स्थिरावतो, कारण रात्री त्याला नीट दिसत नाही. ती फांदी नेमकी लक्षात ठेवावी, तिच्यावर झगझगीत प्रकाश टाकू नये आणि दुसऱ्या दिवशी फटफटण्यापूर्वी तेथे हजर राहावे. सकाळी उठताच पक्षी भुकेला असतो, साद घालतो आणि रात्रभराच्या विश्रांतीनंतर धीटही झालेला असतो. उशिरा पोहोचल्यास ती फांदी रिकामी सापडण्याची शक्यता फार मोठी असते.

दरम्यान त्याचा पिंजरा घराबाहेर उंच आणि मोकळ्या जागी, दार उघडे ठेवून मांडावा, आत पाणी आणि राळ्याचे कणीस ठेवावे, दाण्यांची वाटी दारातून सहज दिसेल अशी टांगावी. दाराला दोरी बांधून दुरून ओढता येईल अशी सोय करावी. पिंजऱ्यावर कडक ऊन येऊ देऊ नये आणि मांजरांवर लक्ष ठेवावे. लहान पक्ष्यांना फार काळ उपाशी राहणे सोसत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून भूक त्यांना माणसांजवळ आणते. पुष्कळदा असा पक्षी सर्वस्वी अनोळखी माणसाच्या खांद्यावर किंवा खिडकीत येऊन बसतो.

याच कारणासाठी पहिल्या दिवसापासूनच जास्तीत जास्त लोकांना कळवावे. पशुवैद्य, प्राणी निवारे, पक्षी विकणारे, पक्षीनिरीक्षक, पहाटे फिरायला जाणारे, वर्तमानपत्रे टाकणारे, सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि विशेषतः मुले यांना छायाचित्र दाखवावे. सूचनापत्रकावर मोठे रंगीत छायाचित्र, हरवल्याची तारीख, जागा आणि फोन क्रमांक एवढे पुरे असते, मात्र पायातील रिंगचा क्रमांक, मायक्रोचिपचा 15 अंकी क्रमांक किंवा अंगावरची एखादी खूण त्यावर लिहू नये. पक्षी सापडल्याचा फोन आल्यावर हीच माहिती विचारून खरेखोटे करता येते, आणि पक्षी दाखवण्यापूर्वी पैसे मागणाऱ्याला ओळखता येते. पक्षी सापडल्याच्या इतरांच्या सूचनाही रोज वाचाव्यात. पुष्कळांना जाती ओळखता येत नाहीत, त्यामुळे कॉकाटिएलची नोंद नुसती ‘पिवळा पोपट’ अशीही झालेली असू शकते. शोध काही दिवसांत आवरता घेऊ नये. कित्येक आठवड्यांनंतर, कोणाच्या तरी घरी सुखरूप असलेले पक्षी परत मिळाले आहेत.

परत आलेल्या पक्ष्याला लगेच हाताळू नये. उबदार, मंद उजेडाच्या खोलीत पाणी आणि नेहमीचे दाणे ठेवून त्याला शांत बसू द्यावे, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. मांजराचे नख किंवा दात लागल्याची शंकाही असेल तर मात्र थांबू नये. मांजराच्या तोंडातील पाश्चुरेला जिवाणूंमुळे वरवर क्षुल्लक दिसणारा ओरखडाही पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो आणि प्रतिजैविक काही तासांच्या आत सुरू व्हावे लागते. घरात इतर पक्षी असतील तर त्याला काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, कारण रानपक्ष्यांच्या संपर्कातून आलेला आजार दिसायला वेळ लागतो.