चपला सांभाळणाऱ्या मुलीची गोष्ट कशी लिहावी

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर दर रविवारी चार-पाच मुलं गोष्टी घेऊन येतात. आठवी ते दहावीतली. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रिक्षात गुजराती. त्यांच्या निम्म्या गोष्टी वर्गातल्या छळाच्या असतात आणि बहुतेक एकाच पद्धतीनं बिघडतात.

आधी खलनायकाला आवरा. धिप्पाड, श्रीमंत, वडिलांच्या गाडीतून उतरणारा मुलगा रंगवण्यात पानं घालवू नका. गोष्ट त्याच्या भोवती हसणाऱ्यांत असते. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या अशा भूमिका वेगळ्या करून दाखवल्या: छळणारा, त्याला हातभार लावणारे, हसून चेव आणणारे, लांब राहणारे, मध्ये पडणारे. लिहायच्या आधी कागदावर बाकं काढा आणि प्रत्येकाला यातली एक जागा द्या. निवेदकाला मुलं हटकून मध्ये पडणारा करतात. मी त्याला हसणाऱ्यांत बसवायला लावते.

मी स्वतः तिथलीच. शाळेत एका मुलाचे वडील पोस्टमन होते, म्हणून मी त्याला ‘पाकीट’ म्हटलं. दोन दिवसांत सगळ्या वर्गानं ते उचललं. मग एक दिवस हजेरी घेताना सरांनीच “पाकीट आलाय का?” विचारलं, आणि तो “हजर” म्हणाला. त्याचं खरं नाव आज मला आठवत नाही. तेव्हा टोपणनाव विचार करून ठेवा आणि ते मोठ्यांच्या तोंडी कधी जातं तो प्रसंग वगळू नका.

एकदाची मारामारी म्हणजे छळ नव्हे. नॉर्वेत या विषयावर आयुष्यभर काम केलेले डान ओल्वेउस दोन गोष्टींवर बोट ठेवत: तेच पुन्हा पुन्हा घडणं, आणि समोरच्याचं बळ कमी असणं. म्हणून एक लहानशी गोष्ट तीनदा घडवा. पहिल्या दिवशी रिक्षात सीटवर दप्तर ठेवलेलं, “अहीं कोई बेसे छे.” हे वाक्य गुजरातीतच ठेवा, मराठी केलंत तर आपली रिक्षा राहत नाही. दुसऱ्या दिवशी दप्तर आहे, बोलत कुणी नाही. तिसऱ्या दिवशी ती मागे न बघताच रिक्षावाल्या काकांच्या शेजारी जाऊन बसते.

सोबती केव्हा द्यायचा, ही खरी मेख. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी माणसांना रेषांची लांबी ओळखायला सांगितली. उत्तर ढळढळीत, पण खोलीतले बाकीचे ठरवून चुकीचं सांगत होते. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. एकच जण खरं बोलणारा मिळाला, की हे प्रमाण एकदम खाली येई. म्हणजे मैत्रीण दुसऱ्याच पानावर आली, तर तुमच्या गोष्टीतला दाब तिथेच निघून गेला.

नववीतल्या एकीनं नवरात्रातली गोष्ट आणली होती. ग्रुपवर ठरलं, आज सगळ्यांनी काळी चणिया चोळी. हिला वगळून. ही लाल घालून मैदानावर. पुढे लिहिलं होतं, “तिला खूप एकटं वाटलं.” मी ते वाक्य खोडलं. “मग ती काय करते?” बराच वेळ पेन चावून तिनं लिहिलं: “ती म्हणाली, तुम्ही खेळा, मी चपला सांभाळते.” मला पुढे वाचवेना, चहा ठेवायला उठले.

शेवटी मुख्याध्यापकांना आणू नका. माफी तर नकोच. रॉबर्ट कॉर्मिअरच्या १९७४ मधल्या ‘द चॉकलेट वॉर’मध्ये शाळेसाठी चॉकलेटं विकायला नकार देणारा मुलगा शेवटी हरतो. शेवट गोड करा म्हणून प्रकाशक मागे लागले, तरी कॉर्मिअरनी तो बदलला नाही. तुमचा मुलगा हरलाच पाहिजे असं नाही, पण कोण जिंकलं ते पानावर सांगत बसू नका.

त्या मुलीनं शेवट चारदा बदलला. आताच्या शेवटात आरती झालीय, काळ्या घोळक्यातली एक घामाघूम होऊन येते, “माझी कोल्हापुरी कुठंय गं?” विचारते, आणि सापडल्यावर ती न घालताच बाजूला बसते.