पीटच्या माळावरील वणव्याचा डाग उपग्रहीय रडारने कसा शोधावा

इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टचे ब्लीकलो, सॅडलवर्थ आणि मार्सडेन हे उंचावरचे माळ वरून ओसाड दिसतात, पण त्यांच्या पोटात हजारो वर्षे साचलेले, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे पीट असते. वणवा लागला की वरचे हेदरचे झुडूप जळतेच. आग पीटमध्ये उतरली तर ती जमिनीखाली धुमसत राहते, आणि पुढच्या पावसात उघडे पडलेले पीट ओढ्यांवाटे खाली वाहून जाते. ब्लीकलोच्या पायथ्याशी लाँगडेंडेलचे जलाशय आहेत, ज्यांचे पाणी मँचेस्टर परिसराला जाते. म्हणून नेमके कुठे जळले, हे लवकर आणि अचूक कळणे निकडीचे असते.

रडारकडे वळण्याआधी एक गोष्ट मान्य करावी. आकाश निरभ्र असेल तर सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहाच्या प्रकाशीय प्रतिमांतून जळीत क्षेत्र अधिक सहज ओळखता येते. २४ जून २०१८ रोजी सॅडलवर्थचा वणवा सुरू झाला तेव्हा उन्हाळा कोरडा होता आणि अशा प्रतिमा उपयोगी पडल्या. मात्र या माळांवर वणवे वसंतातही लागतात. २०१९ साली तर ते ऐन फेब्रुवारीत लागले. त्या मोसमात ढग अनेकदा दिवसचे दिवस हटत नाहीत. अशा वेळी सेंटिनेल-१ या उपग्रहाचे रडार कामी येते, कारण त्याच्या सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीच्या तरंगांना ढग, धूर आणि अंधार अडवत नाहीत. त्याच्या प्रतिमा युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात आणि त्यांच्यावरील प्रक्रिया ‘स्नॅप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता येते.

प्रतिमा उतरवून घेण्यापूर्वी त्या भागातील पर्जन्यमापकाची नोंद समोर ठेवावी. संपूर्ण कामात मी सर्वाधिक महत्त्व याच पायरीला देतो. वणव्यापूर्वी रडारचा तरंग हेदरच्या फांद्यांमध्ये विखुरतो आणि त्याचा थोडाच भाग जमिनीपर्यंत पोहोचतो. वणव्यानंतर फांद्यांच्या जागी काळपट, उघडे पीट उरते. ते कोरडे असेल तर डाग आजूबाजूच्या माळात मिसळून जाऊ शकतो. पण पाऊस पडून ते भिजले की पाण्याच्या विद्युत गुणधर्मामुळे परतणारा संकेत बळकट होतो आणि डाग उजळ दिसू लागतो. म्हणून वणव्यानंतरची पहिली प्रतिमा घेण्याची घाई करू नये. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या आदल्या दिवशी किंवा काही तास आधी चांगला पाऊस झालेला असेल, अशी तारीख निवडावी.

वणव्यापूर्वीची प्रतिमाही शक्यतो तशाच ओल्या दिवसाची असावी, अन्यथा पावसाने झालेला बदल वणव्याच्या खाती जमा होतो. दोन्ही प्रतिमा एकाच सापेक्ष कक्षेतील (म्हणजे उपग्रहाच्या ठरलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्याच मार्गावरील) आणि एकाच दिशेच्या फेरीतील असल्या पाहिजेत. हा उपग्रह ब्रिटनवरून सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो. सकाळची प्रतिमा संध्याकाळच्या प्रतिमेशी ताडून पाहिल्यास उतारांवरील पाहण्याचा कोन बदलतो आणि निष्कर्ष फसवा ठरतो.

स्नॅपमध्ये आधी अचूक कक्षेची माहिती जोडावी, औष्णिक गोंगाट (उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेमुळे मिसळलेला खोटा संकेत) काढावा आणि संकेताचे अंशांकन करावे, म्हणजे दोन तारखांच्या किमती तुलनेयोग्य होतात. त्यानंतर उंचीच्या नकाशाच्या आधारे उतारांचा प्रभाव कमी करावा, रडार-प्रतिमेतील ठिपकेदारपणा ‘रिफाइंड ली’ सारख्या गाळणीने सौम्य करावा आणि शेवटी भूरूप-दुरुस्ती करून प्रतिमा नकाशावर बसवावी. पीक डिस्ट्रिक्टच्या खोल घळींमुळे उतारांची पायरी वगळून चालत नाही. गाळणी मात्र जपून वापरावी. ती फार रुंद ठेवल्यास डागाची कड पुसट होते.

आता परतलेल्या संकेताच्या वणव्यानंतरच्या किमतीला आधीच्या किमतीने भागून तो बदल डेसिबलमध्ये मांडावा; किमती आधीच डेसिबलमध्ये असतील तर भागाकाराऐवजी वजाबाकी करावी. समजा, व्हीव्ही ध्रुवीकरणात (तरंग उभा पाठवून उभाच टिपला जातो) एका जागेची किंमत उणे १२ वरून उणे ८ डेसिबल झाली. वाढ ४ डेसिबलची, म्हणजे संकेत जवळजवळ अडीचपट. तरीही ही सगळी वाढ वणव्याची मानू नये. शेजारीच, तशाच उताराचा आणि तशाच हेदरचा एक न जळलेला तुकडा तुलनेसाठी निवडावा. तिथेही दीड डेसिबलची वाढ दिसली, तर ती पावसाची. वणव्याच्या वाट्याला अडीच डेसिबलच उरतात. किती वाढीपुढे जागा जळलेली मानायची, तो उंबरठा याच तुलनेवरून ठरवावा, कोणत्याही दुसऱ्या प्रदेशातील आकडा उचलू नये. व्हीएच ध्रुवीकरण (तरंग उभा पाठवून आडवा टिपला जातो) झुडपांच्या दाटीला अधिक प्रतिसाद देते, त्यामुळे तेही स्वतंत्रपणे तपासावे.

संकेताच्या बळावरून खात्री पटत नसेल, तर तरंगाच्या कलेची (फेजची) माहिती जपणाऱ्या प्रतिमांच्या जोड्या घेऊन त्यांतील सुसंगती, म्हणजे दोन्ही प्रतिमांतील संकेत एकमेकांशी किती जुळतो ते, मोजावी. वाऱ्याने हलणारे हेदर दोन फेऱ्यांत सारखे राहत नाही, म्हणून तिथे सुसंगती कमी असते. वणव्यानंतरच्या दोन तारखांमध्ये उघडे पीट बरेचसे तसेच राहते, म्हणून तिथे ती वाढू शकते. इथे नियम उलटतो: संकेताच्या बळासाठी ओला दिवस हवा, तर सुसंगतीसाठी कोरड्या दिवसांची जोडी.

तयार झालेल्या नकाशातील प्रत्येक उजळ डाग वणव्याचा नसतो. ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या माळांवर हेदर मुद्दाम पट्ट्यापट्ट्यांनी जाळले जाते. त्या अरुंद, सरळ कडांच्या पट्ट्या वेगळ्या काढाव्यात. उलट, नुसते पातळ गवत जळून गेलेली जागा रडारला दिसणारही नाही. पीट किती खोल जळले, हेही या तरंगांवरून कळत नाही. त्यासाठी वणव्याआधी आणि नंतर विमानातून केलेल्या लिडार-मोजणीतील (लेझर किरणांनी जमिनीची उंची मोजण्यातील) फरक लागतो.

शेवटी जीपीएस घेऊन डागाची कड प्रत्यक्ष चालावी. जिथे हेदरच्या जळक्या काड्या आणि ओले काळे पीट संपून हिरवे झुडूप सुरू होते, ती रेघ नोंदवावी आणि नकाशातील कडेशी जुळवावी. नकाशावर दोन्ही प्रतिमांच्या तारखा, कक्षेचा क्रमांक आणि आधीच्या चोवीस तासांतील पाऊस लिहून ठेवावा, म्हणजे उघडे पीट पुन्हा झाकण्यासाठी स्फॅग्नम शेवाळाची लागवड झाल्यावर पुढील वर्षी त्याच कक्षेतून, तितक्याच पावसानंतर ती जमीन पुन्हा पाहता येईल.