मुलांसाठी ग्रीक युद्धकथा लिहिताना या चुका टाळा

प्राचीन ग्रीसच्या लढाया मुलांना सांगताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे रणांगणावरून गुलामांना वगळणे. इराणी सैन्याविरुद्ध थर्मोपिलीच्या खिंडीत झालेल्या लढाईची गोष्ट ३०० स्पार्टन वीरांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. वास्तविक त्या खिंडीत पडलेल्यांमध्ये थेस्पिया या दुसऱ्या ग्रीक नगराचे सैनिक होते आणि हेलट, म्हणजे स्पार्टाचे गुलामही होते, हे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेच नोंदवले आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे इ.स.पू. ४७९ मध्ये, प्लाटियाच्या लढाईत ५,००० स्पार्टन नागरिक उतरले तेव्हा प्रत्येकामागे सात हेलट होते, असे तो सांगतो. आकडा जसाच्या तसा खरा मानू नये, पण तो कोणाचा आहे हे लिहून जरूर द्यावा. लढाईनंतर स्पार्टाने बांधलेल्या तीन थडग्यांपैकी एक हेलटांचे होते; हा तपशील गोष्टीत आला, तर ही माणसे कोण, हे मूल स्वतःहून विचारते.

दुसरी चूक सगळ्या गुलामांना एका मापाने मोजण्याची. हेलट हे लॅकोनिया-मेसेनियातले, जमिनीशी बांधलेले ग्रीकच होते. अथेन्समध्ये मात्र थ्रेस, आशिया मायनर अशा ठिकाणांहून आणलेली माणसे बाजारात विकत घेतली जात. ग्रीक लेखक झेनोफन लिहितो की अथेन्सचा सेनापती निकियासने आपले १,००० गुलाम चांदीच्या खाणींसाठी माणशी रोज एक ओबोल (चांदीचे छोटे नाणे) भाड्याने दिले होते. एखादा अभ्यासग्रंथ स्पार्टाबद्दल जे म्हणतो, ते अथेन्सला चिकटवू नये.

चित्रकाराला सूचना देतानाही जपावे. अथेन्सच्या युद्धनौकेवरचे १७० वल्हेकरी साखळदंडात दाखवणे चूक आहे, कारण त्यांत गुलाम असत, तसे मजुरी घेणारे गरीब नागरिकही मोठ्या संख्येने असत.

सर्वांत अवघड जागा गुलामाच्या मनातले लिहिण्याची. तिथे बहुतेक लेखक दयाळू मालक आणि समाधानी नोकर रंगवून सुटका करून घेतात, आणि हे मला अक्षम्य वाटते. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, सापडलेल्या, इ.स.पू. चौथ्या शतकातल्या शिशाच्या पत्र्यावर लेसिस नावाच्या मुलाचा निरोप आहे: भट्टीच्या कारखान्यात मला चाबकाने मारतात, बांधून ठेवतात, आईने येऊन माझ्यासाठी काही बरे शोधावे. तो गुलाम होता की कामावर ठेवलेला स्वतंत्र मुलगा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ते मतभेद न लपवता हा निरोप पुस्तकात घ्यावा.