पाऊस येण्याआधी शेडमधलं काळं ऑइल हलवा

पेरणीआधीचे पंधरा-वीस दिवस अवजारांच्या डागडुजीत जातात. ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचं, डिझेल इंजिन खोलून बघायचं, पॉवर टिलरला ग्रीस मारायचं. नवं ऑइल इंजिनात पडतं आणि जुनं काळं ऑइल घमेल्यात, डब्यात नाहीतर कापलेल्या कॅनमध्ये तिथेच राहतं. पुढे पेरणीची घाई सुरू होते, त्या घमेल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि एक दिवस पाऊस येतो.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. उघड्या घमेल्यात पावसाचं पाणी पडलं की ते तळाशी बसतं आणि तेलाला वर उचलतं. घमेलं भरलं की आधी सांडतं ते तेल. माझ्याकडे हे घडलेलं आहे. शेडच्या वळचणीखाली अर्धा कापलेला कॅन ठेवला होता, त्यात पाचेक लिटर ऑइल होतं. रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी बघतो तर कॅन काठोकाठ भरलेला, पण सगळं पाणी. तेल गोठ्यामागच्या चरातून विहिरीच्या अंगाने गेलं होतं आणि चरात साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग पसरला होता. तेव्हापासून ऑइल काढणं आणि ते बंद डब्यात भरणं ही दोन्ही कामं मी एका बैठकीत करतो. मध्ये जेवायलाही उठत नाही.

या हंगामाचा सल्ला म्हणून एवढंच सांगायचं आहे: पहिला पाऊस पडण्याआधी शेडमध्ये साचलेलं सगळं काळं ऑइल शोधा, झाकणाच्या डब्यात भरा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे पोचवा. हे कसं करायचं आणि का करायचं, ते पुढे सविस्तर.

काळ्या ऑइलमध्ये काय असतं

नवं इंजिन ऑइल आणि काढलेलं ऑइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इंजिनात फिरताना ऑइलमध्ये बेअरिंग, रिंगा आणि लायनर झिजून सुटलेले लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, शिसं यांचे बारीक कण मिसळतात. झीज कमी व्हावी म्हणून कंपनीने घातलेल्या रसायनातलं जस्त त्यात असतंच. शिवाय डिझेलची काजळी, थोडं न जळलेलं डिझेल आणि ज्वलनातून तयार होणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन नावाची संयुगं. ही शेवटची सगळ्यात वाईट. प्रयोगशाळेत उंदरांच्या कातडीला वापरलेलं इंजिन ऑइल वारंवार लावल्यावर त्वचेच्या गाठी झाल्याचं दिसलेलं आहे. एकदा हाताला लागलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण वर्षानुवर्षं कोपरापर्यंत माखून काम करणं बरं नव्हे.

ऑइल काढताना नायट्राइलचे (तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला. नंतर हात साबणानेच धुवा. डिझेलने किंवा रॉकेलने धुतले तर काळेपणा निघतो, पण कातडीवरचं नैसर्गिक तेलही निघून जातं आणि घाण आत शिरायला वाट मिळते. ऑइलची चिंधी पँटच्या खिशात खोचायची सवयही सोडा. दिवसभर ते तेल मांडीला लागत राहतं.

पाण्याचं नुकसान नेहमी एका आकड्यात सांगितलं जातं: एक लिटर वापरलेलं ऑइल दहा लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. मध्यम ट्रॅक्टरच्या इंजिनातून एका वेळी सात-आठ लिटर निघतं. हिशेब ज्याचा त्याने करावा.

जमिनीत गेलं तर वेगळं घडतं. तेल मातीच्या कणांवर चढतं, पाणी आत मुरत नाही, वरचं ढेकूळ ओलं आणि खाली कोरडं अशी गत होते. बी रुजायला लागणारी हवा मिळत नाही. मातीतले जिवाणू हळूहळू हे तेल खातात हे खरं, पण ते खाताना त्यांना नत्र लागतं आणि ते मातीतूनच घेतात. तेल सांडलेल्या जागेवरचं पीक पिवळं पडतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

जुने उपयोग आता सोडायचे

काळं ऑइल फेकून द्यायला जीवावर येतं. काहीतरी कामाला येईल म्हणून ते राखून ठेवलं जातं, आणि नुकसान बहुतेक तिथूनच होतं.

सगळ्यात जास्त चालणारा उपयोग म्हणजे कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून बुंध्याला ऑइल फासणं. थोडे दिवस गुण येतो. पण ऑइल लाकडात खोल जात नाही, पावसात धुपून मातीत उतरतं आणि पुन्हा फासावं लागतं. दर वर्षी त्याच जागी तेच विष. खांबाच्या बुडाशी खडी घालून पाणी साचू न देणं किंवा लाकडासाठीचंच औषध लावणं जास्त टिकतं.

दुसरा उपयोग जनावरांवर. गोचीड, उवा किंवा खरजेवर काळं ऑइल चोळणं. हे मी हात जोडून सांगतो, करू नका. जनावर स्वतःला चाटतं, शेजारचं जनावर त्याला चाटतं, वासरू आईचं अंग चाटतं. गुरांना शिशाची विषबाधा होते त्यात जुन्या बॅटऱ्या आणि वापरलेलं इंजिन ऑइल ही दोन कारणं पशुवैद्यकांना चांगली माहीत आहेत. कातडी भाजल्यासारखी होते ते वेगळंच. गोचिडावर पशुवैद्यकाने दिलेलं औषध लावा. आणि गोठ्यात ऑइलचा उघडा डबा कधीही ठेवू नका, कारण गुरं तो आपणहून चाटतात.

साचलेल्या डबक्यावर डास होऊ नयेत म्हणून ऑइल ओतायची पद्धत आहे. यातलं शास्त्र खोटं नाही. डासाची अळी शेपटीकडच्या नळीने पाण्याच्या वर येऊन श्वास घेते आणि तवंगामुळे ती नळी बंद होते. पण त्याच तवंगाने पाण्यात हवा विरघळायची थांबते, मासे आणि बेडूक मरतात, म्हणजे अळ्या खाणारेच जातात. डबकं वाहतं करा, भरून घ्या, ते जमत नसेल तर अळीखाऊ मासे सोडा.

धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडणं, बांधावरचं तण जाळायला ओतणं, चुलीत किंवा शेकोटीत घालणं, करवतीच्या साखळीला वंगण म्हणून वापरणं, हे सगळं त्याच यादीत येतं. चुलीत ऑइल जळतं खरं, पण साध्या आगीचं तापमान त्याला पूर्ण जाळायला पुरत नाही, आणि धातू तर कुठल्याच तापमानाला जळून नाहीसे होत नाहीत. ते धुरात जातात किंवा राखेत उरतात, आणि राख आपण परसात टाकतो.

काढताना आणि साठवताना

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर येतं. फार तापलेलं असेल तर मात्र थांबा, हात भाजतो. गाडी सपाट जागी उभी करून खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि त्यावर पसरट घमेलं ठेवा. घमेलं इंजिनातल्या ऑइलपेक्षा निदान दोन लिटर जास्त मावेल असं हवं. ड्रेन नट, म्हणजे ऑइल काढायचा तळाचा नट, सुटला की धार पहिल्यांदा लांब पडते आणि मग जवळ येते, त्या अंदाजाने घमेलं सरकवा.

काढलेलं ऑइल ओतून टाकण्याआधी एकदा नीट बघा. दुधाळ किंवा चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बहुधा हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगमधून) किंवा कूलिंगमधून. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग तपासून घ्या. डिझेलचा वास येत असेल आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी वाढलेली असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. हंगामाच्या मध्यावर इंजिन बसण्यापेक्षा हे आत्ताच कळलेलं बरं.

साठवायला सगळ्यात चांगला डबा म्हणजे नव्या ऑइलचाच रिकामा कॅन. प्लास्टिक त्या तेलाला टिकणारं असतं, झाकण घट्ट बसतं. पाण्याची बाटली, दुधाचा कॅन, खाद्यतेलाचा डबा वापरू नका. अंधारात, घाईत, लहान पोराच्या हातून काय होईल ते सांगता येत नाही. कीटकनाशकाचा रिकामा डबा तर मुळीच नको. त्याच्या तळाशी उरलेलं औषध तेलात मिसळलं की ते तेल कुणीही घेत नाही, आणि घेऊही नये.

हीच गोष्ट इतर द्रवांची. कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल, थिनर, कार्बोरेटर धुतलेलं रॉकेल, यांतलं काहीही काळ्या ऑइलमध्ये ओतू नका. निव्वळ ऑइल पुन्हा शुद्ध होऊ शकतं. भेसळ झाली की तेच ऑइल शुद्धीकरणाच्या कामाचं राहत नाही. एका पेल्याने अख्खा ड्रम वाया जातो.

कॅन गळ्यापर्यंत भरू नका, चार बोटं जागा सोडा, उन्हात तेल फुगतं. वर ठळक अक्षरात ‘वापरलेलं ऑइल’ आणि तारीख लिहा. डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, म्हणजे गळती लगेच दिसते. फळीखाली एखादा ट्रे असेल तर उत्तम, फक्त तो त्या डब्यातलं सगळं तेल मावेल एवढा हवा.

ज्यांच्याकडे दोनशे लिटरचा ड्रम आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम झाकण घट्ट असूनही पाणी पितो. दिवसा उन्हाने आतली हवा फुगून बुचातून बाहेर पडते, संध्याकाळी सरीने ड्रम गार झाला की आतली हवा आकसते आणि वरच्या कडेत साचलेलं पाणी बुचाच्या आट्यांमधून आत ओढलं जातं. ड्रम छपराखाली ठेवा. तशी सोयच नसेल तर आडवा ठेवा, दोन्ही बुचं एकाच आडव्या पातळीत येतील असा, आणि तो घरंगळू नये म्हणून उटी लावा. दोन्ही बुचं तेलाखाली राहिली की बाहेरचं पाणी आत ओढलं जात नाही. नव्या ऑइलच्या ड्रमलाही हेच लागू आहे.

फिल्टर लोकांच्या लक्षातून जातो. काढलेल्या फिल्टरमध्ये बरंच ऑइल अडकलेलं असतं. इंजिन कोमट असतानाच तो काढा, वरच्या घुमटाला टोच्याने एक भोक पाडा आणि घमेल्यावर उलटा करून निदान बारा तास निथळू द्या. मग पिशवीत बांधून ऑइलच्या डब्यासोबतच पाठवा.

सांडलं तर

पाणी मारू नका, साबणाचं पाणी तर नकोच. पाण्याने तेल पसरतं, साबणाने ते फुटून जास्त खोल उतरतं. आधी भोवती मातीचा बांध घालून वाहणं थांबवा. मग लाकडाचा भुसा, तूस किंवा कोरडी बारीक माती पसरा, तासभर थांबा, गोळा करा, पुन्हा पसरा. गोळा केलेला भुसा उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यात जाता कामा नये. जाड पिशवीत बांधून ठेवा.

मातीत सांडलं असेल तर काळी झालेली माती खरवडून काढा. खाली थोडा अंश उरतोच. तिथे कुजलेलं शेणखत आणि थोडं नत्रखत मिसळा, ओल टिकवा, अधूनमधून कुदळीने हलवत राहा. जिवाणूंना हवा, ओल आणि नत्र मिळालं की ते आपलं काम करतात, पण त्याला महिने लागतात. तोवर त्या जागी खाण्याचं किंवा चाऱ्याचं काही लावू नका.

पोचवायचं कुठे

वापरलेलं ऑइल गोळा करणारं अधिकृत केंद्र किंवा ते त्या केंद्राकडे पाठवणारं सर्व्हिस सेंटर. नवं ऑइल जिथून घेता तिथे आधी विचारा. ‘तुम्ही हे पुढे कुणाला देता?’ हा प्रश्न जरूर विचारा. जाळायला नेणारे आणि गाळून, रंग मारून पुन्हा नवं म्हणून विकणारेही असतात, आणि ते भेसळीचं ऑइल शेवटी कुठल्यातरी शेतकऱ्याच्याच इंजिनात जातं.

ऑइल वापराने मळतं, त्यातली भर घातलेली रसायनं संपतात, पण मूळ तेल फारसं संपत नाही. योग्य कारखान्यात चार लिटर वापरलेल्या ऑइलमधून सुमारे अडीच लिटर चांगलं वंगण तेल परत मिळतं. तेवढंच वंगण खनिज तेलातून काढायला एक अख्खं बॅरल खनिज तेल लागतं. आपल्या शेडमधल्या त्या डब्याची खरी किंमत ही आहे.

घरोघरी दोन-चार लिटरसाठी कुणी फेरी मारत नाही, हे मला कळतं. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एका छपराखाली डबे जमवले आणि पेरणीआधी एकदा, काढणीनंतर एकदा पोचवले तर काम निभावतं. प्रत्येकाचं ऑइल त्याच्या त्याच्या डब्यात राहू द्या. एकाने चुकून भेसळ केली तरी सगळ्यांचं बिघडत नाही.

ट्रॅक्टरच्या वहीत ऑइल बदललेले तास लिहिता, त्याच ओळीत किती लिटर काढलं आणि किती पोचवलं तेही लिहा. सात काढलं आणि पाचच पोचलं असेल, तर उरलेलं दोन लिटर ढगांनी आभाळ भरण्याआधी शोधा. बहुतेक वेळा ते शेडच्या मागे, वळचणीखाली, कुठल्यातरी कापलेल्या कॅनमध्ये सापडतं.