केर-फरशीचे काम शोधताना

पुण्या-मुंबईत घरांमधील केर-फरशी किंवा धुण्याभांड्यांचे काम जाहिरात वाचून क्वचितच मिळते. बहुधा ते त्याच इमारतीत आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या बाईच्या शब्दावर मिळते. त्यामुळे पहिली चौकशी तिच्याकडेच करावी. तिच्या हातात पेलवत नाहीत इतकी कामे असू शकतात, किंवा गावी जाताना ती महिनाभराची बदली शोधत असते. बदलीचे काम तात्पुरते म्हणून नाकारू नये, कारण त्या महिन्यात शेजारची चार घरे आपले काम पाहतात आणि पुढची बोलावणी तिथूनच येतात; मात्र जिच्या जागी गेलो तिचेच घर पटकावू नये, नाहीतर पुन्हा कोणी नाव सुचवणार नाही. वॉचमन, इस्त्रीवाला आणि वाणी यांनाही सांगून ठेवावे.

मोठ्या सोसायट्यांत फाटकावरचा पास काढण्यासाठी आधार कार्डाची प्रत व फोटो लागतो, आणि अनेक ठिकाणी पोलीस पडताळणीही मागतात. प्रत द्यावी, पण मूळ कार्ड कोणाच्याही ताब्यात ठेवू नये. काम लावून देण्याआधीच पैसे मागणाऱ्या एजंटापासून दूर राहिलेले बरे.

घरे शक्यतो एकाच आवारातील निवडावीत. दोन घरांमध्ये वीस मिनिटांची चाल असेल, तर पाच घरे करताना रोज 80 मिनिटे रस्त्यातच जातात आणि त्यांचा पगार कोणीही देत नाही.

खरा प्रश्न बोली करतानाचा. आपल्याकडे पगार तासावर नव्हे तर कामावर ठरतो, त्यामुळे कामाचे माप मोकळे राहिले की ते हळूहळू वाढतच जाते. घर आधी आतून पाहावे आणि खोल्या किती, माणसे किती, बाल्कनी व जिना धरला आहे का, फर्निचर पुसायचे का, संडास-बाथरूमचे पैसे वेगळे आहेत का, हे स्पष्ट विचारावे. पाहुणे आल्यावरची भांडी आणि दिवाळीपूर्वीची साफसफाई यांचे काय, तेही तेव्हाच बोलावे. महिन्याच्या सुट्ट्या, पगाराची तारीख आणि दिवाळीचा बोनस हे ठरतेच. पण घरचे लोक पंधरा दिवस बाहेरगावी गेले तर पगार कापला जाणार का, हा प्रश्न बहुतेक जणी संकोचाने विचारत नाहीत, आणि पुढे भांडण नेमके त्यावरूनच होते. त्याच इमारतीतील दर आधी माहीत असला, तर आकडा सांगताना आवाज डळमळत नाही. ठरलेले सारे मोबाइलवर संदेशात लिहून पाठवावे.

संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मालकीणबाईंनी सांगितले तरी नाही.

कार्यालये, मॉल व रुग्णालयांतील हाऊसकीपिंगची कामे ठेकेदारामार्फत मिळतात. तिथे किमान वेतनाचा दर मिळतो का, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापून जमा होतात का, याची चौकशी करावी, आणि दर महिन्याची पगारपावती मागून घ्यावी. ठेकेदार गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायला सांगत असेल, तर साफ नकार द्यावा. संरक्षक साधनांशिवाय असे काम करवून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. एखाद्या घरी जम बसला की तिथून कामाचा दाखला मागून घ्यावा आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात नोंदणीची चौकशी करावी. असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवरील नोंदणी विनामूल्य आहे, तेव्हा ती करून देण्यासाठी कोणी सरकारी शुल्क म्हणून पैसे मागितले, तर ते देऊ नयेत.