सर्व्हर मुंबईला ठेवायचा, तर आधी वॅट मोजा

धामणगावजवळच्या आमच्या गावात तीन वर्षं सर्व्हर मी घरातच ठेवला होता. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सगळा हिशेब, कापसाच्या काट्याच्या नोंदी त्याच्यावर. मे महिन्यात मशीन तापून बंद पडायचं. लाईन गेली की इन्व्हर्टर दोन तास पुरायचा. पावसाळ्यात फायबर तुटली की सभासद थेट घरी यायचे. शेवटी मशीन मुंबईच्या डेटा सेंटरला नेलं. याला कोलोकेशन म्हणतात: मशीन आपलं, जागा, वीज, थंडावा, इंटरनेट त्यांचं.

भाव विचारण्याआधी प्लगला लावायचं वीज मीटर घ्या आणि सर्व्हर पूर्ण ताणावर चालवून वॅट बघा. जागा ‘यू’मध्ये मोजतात. 1 यू म्हणजे 1.75 इंच उंची. पूर्ण रॅक, म्हणजे सर्व्हर ठेवायचं कपाट, बहुधा 42 यूचा. पण खरा पैसा विजेत जातो. माझं मशीन 150 वॅट घेतं, म्हणजे महिन्याला 108 युनिट, आणि ते थंड ठेवायची वीजही भाड्यातच धरलेली असते. मी 1 अँपिअर वीज घेतली. 230 व्होल्टवर 1 अँपिअर म्हणजे 230 वॅट, त्यात माझं भागलं. जुना दणकट सर्व्हर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, तो दर महिन्याला विजेत पैसे खातो.

इंटरनेटचं बिल ‘95 पर्सेंटाईल’ने लावतात का, ते विचारा. त्यात दर 5 मिनिटांचा वापर नोंदवून सर्वात जास्त वापराच्या 5 टक्के नोंदी सोडतात आणि उरलेल्यांतल्या सर्वात मोठ्या नोंदीवर बिल लावतात. 30 दिवसांत हे सोडलेले 5 टक्के म्हणजे 36 तास होतात. म्हणजे महिन्यात एखाद्या रात्री मोठा बॅकअप घेतला तरी बिल वाढत नाही. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा मशीनचा नंबर), सुरुवातीचं शुल्क आणि 18 टक्के जीएसटी धरून वर्षाचा आकडा काढा, महिन्याचा नको.

आपल्यासारख्या लांबच्या माणसाने एका गोष्टीत काटकसर करूच नये: आयड्रॅक किंवा आयएलओसारखी दुरून ताबा घ्यायची सोय. मशीन अडकलं तर गावातून बंद-चालू करता येतं. नाहीतर त्यांच्या माणसाला हात लावायला सांगा, त्याचे तासाप्रमाणे पैसे, किंवा विदर्भ एक्सप्रेसची रात्र.

फक्त एक वेबसाईट असेल तर हे काहीच करू नका, व्हीपीएस, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या सर्व्हरचा एक हिस्सा, भाड्याने घ्या. डिस्क भरपूर लागते आणि मशीन आधीच घरात आहे, त्यालाच कोलोकेशन परवडतं.

नेताना रॅकचे रेल (सर्व्हर रॅकमध्ये बसवायच्या पट्ट्या), दोन्ही पॉवर केबल आणि सामान आत न्यायचं मंजूर पत्र सोबत ठेवा. डिस्क काढून वेगळ्या पिशवीत, नंबर टाकून.