वेबपी किंवा एचईआयसी चित्राची फॅक्सयोग्य टिफ फाइल कशी करावी

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा माल विकला गेला की आडत्याने दिलेली हिशेबपट्टी आता मोबाइलवर टिपली जाते, आणि तो फोटो बहुधा एचईआयसी किंवा वेबपी स्वरूपात साठतो. तीच पट्टी एखाद्या कार्यालयाने फॅक्सने मागितली की पंचाईत होते, कारण संगणकावरून फॅक्स पाठवायला बहुधा टिफ या चित्रस्वरूपातील फाइल लागते. फाइलच्या नावातील वेबपी खोडून तेथे टिफ लिहिल्याने काहीही साधत नाही. हा उद्योग मी स्वतः करून पाहिला आहे. साध्या फॅक्सला काळा आणि पांढरा एवढेच कळते, राखाडीसुद्धा नाही, त्यामुळे कागदावरचे काय काळे ठरवायचे यातच खरे कौशल्य आहे.

हे काम गिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये नीट होते. चित्र उघडून सरळ करावे आणि कागदाबाहेरचा भाग कापावा. वेबपीची पार्श्वभूमी पारदर्शक असल्यास आधी बॅकग्राउंडचा रंग पांढरा ठेवून ‘इमेज’ मेनूतील ‘फ्लॅटन इमेज’ वापरावे, नाहीतर तो भाग पुढे काळा होण्याचा धोका असतो.

आता रंगांकडे वळावे. पट्टी पिवळ्या कागदावर निळ्या कार्बनने उमटलेली असेल, तर ‘कलर्स’मधील मोनो मिक्सर (रंगीत चित्राचे राखाडी करणारे साधन) उघडून लाल १ आणि हिरवा व निळा ० ठेवावा, पिवळा कागद पांढरा पडतो आणि निळी अक्षरे गडद होतात. मात्र त्यावर लाल शिक्का असेल तर तो या युक्तीने पुसला जातो, म्हणून अशा वेळी हिरवा १ आणि बाकीचे दोन ० ठेवावेत.

त्यानंतर आकार बदलावा. फॅक्सच्या एका ओळीत १७२८ ठिपके असतात, आणि ‘फाइन’ दर्जात ए-४ पानाला सुमारे २२८७ ओळी लागतात. ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी आणि उंची जोडणारे साखळीचे चिन्ह सोडवून हे दोन्ही आकडे भरावेत आणि रिझोल्यूशन (दर इंचातील ठिपके) आडवे २०४ व उभे १९६ द्यावे. पूर्ण ए-४ पान स्क्रीनवर किंचित बसके दिसले तरी छापताना ते जवळजवळ मूळ प्रमाणात येते. पट्टी लहान असेल, तर आधी तिच्याभोवती पांढरी जागा सोडून ए-४चे प्रमाण साधावे. हे सारे काळे-पांढरे करण्यापूर्वीच उरकावे, कारण नंतर आकार बदलल्यास अक्षरांच्या कडा तुटतात.

मग ‘कलर्स’मधील ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे किती गडद ठिपका काळा धरायचा ती सीमा, उघडावे. आकडा वाढवला की फिकट अक्षरे काळी होतात, पण फोटो काढताना पडलेली हाताची सावलीही हळूहळू काळा डाग बनून वर येते. अशा वेळी सरकपट्टीशी झटापट करण्यापेक्षा खिडकीपाशी नव्याने फोटो काढणे बरे. नागपूरच्या मे महिन्यातील थेट उन्हात मात्र नको. मोठे करून आकडे तपासावेत, कारण पोकळी बुजली की १ आणि ९ सारखेच दिसू लागतात.

शेवटी ‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’ या क्रमाने जाऊन एक-बिट काळी-पांढरी पॅलेट निवडावी. ठिपक्यांनी राखाडीचा भास निर्माण करणारे डिदरिंग येथे बंद ठेवावे. फॅक्सची आकुंचनपद्धत (कॉम्प्रेशन, म्हणजे पाठवायची माहिती कमी करण्याची रीत) सलग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर चालते, आणि विखुरलेल्या ठिपक्यांपुढे ती हतबल होते. आकुंचनाविना असे एक पान सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने जायला जवळजवळ सात मिनिटे लागतात. ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मध्ये टिफ निवडून कॉम्प्रेशन ‘ग्रुप ४ फॅक्स’ ठेवावे. जुन्या प्रणालीने ती फाइल नाकारली, तर ‘ग्रुप ३’ निवडून पुन्हा साठवावी.